पाव्हण्यांचा शब्द

आमदार दारात आला तरी रंगनाथराव बाजेवरून उठत नसत. बसल्या जागेवरूनच म्हणत, "या सायेब, टेका." मी गेलो की मात्र उठत. अंगात ताप असो, गुडघा धरलेला असो, आधी टोपी सारखी करत, मग बाजेच्या कडेला हात टेकून उभे राहत आणि आत ओरडत, "पाव्हणं आलं! पानी आना." मी त्यांचा जावई. गेवराईत औषधांचं दुकान चालवणारा साधा माणूस. पण जावई म्हटल्यावर त्यांच्या लेखी माझा शब्द शेवटचा. सुरुवातीला मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. पुढं त्याची सवय झाली, आणि त्या सवयीनंच घात केला.

त्यांचं गाव कडा या बाजाराच्या गावाजवळ. खाली कारखान्याला जाणारा ऊस, वर टेकाडं आणि कुसळांचा माळ. सरपंचपद जाऊन जमाना लोटला तरी गाव त्यांना सरपंचच म्हणायचं. घरचे दादा म्हणत, मी मामा. आपलं चुकलं असं त्यांनी कधी म्हटल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. एकदा सगळ्यांनी एक जागा दाखवली असताना त्यांनी हट्टानं दुसरीकडं विहीर खोदली. खडक लागला, पाणी लागलं नाही. लोक काठावर जमले, कुणीतरी हसलं. मामा आत डोकावून म्हणाले, "हीर बरोबर हाय. पानी चुकलंय." ती कोरडी विहीर त्यांनी बुजवली नाही. आल्यागेल्याला दाखवायचे, आणि स्वतःच आधी हसायचे.

असा माणूस नातीपुढं मऊ होई. माझी गौरी तेव्हा नऊ वर्षांची होती. दिवाळीच्या सुट्टीत सुनीता तिला घेऊन पुढं गेली होती. दुकान भावाच्या स्वाधीन करून मी दोन दिवसांनी जाणार होतो. तेवढ्यात मामांनी पुण्याच्या एका दोस्ताकडून त्याच्या नातवाची जुनी डर्ट बाईक आणवली. लहान मुलांसाठीची, माळावर, पायवाटांवर चालवायची गाडी. चाकं बारकी, पण टायर ट्रॅक्टरसारखे दातेरी. "पोरीला माळ दाखवायचाय," एवढंच त्यांनी सुनीताला सांगितलं. ती भांडली, "दादा, पोरींना कुणी असल्या गाड्या देतं का?" ते म्हणाले, "कावून? टेकाड काय पोरांच्याच बापाचं हाय व्हय?"

गाडी गौरीच्या मानानं उंच होती. गावातल्या ट्रॅक्टर मेकॅनिकला, हनुमंतला, त्यांनी दिवसभर ओसरीत बसवून घेतलं. सीटमधला फोम कापून भाकरीएवढा पातळ केला. पुढचे शॉकअप वर सरकवून गाडीचं नाक खाली घेतलं. ब्रेकची लिव्हर पोरीच्या बोटांना पोचेल इतकी आत वळवली. रेसची मूठ अर्धीच फिरेल अशी तार आवळली. मग गौरीला वर बसवून म्हणाले, "डोळे मीट. आता पाय टाक खाली." तिचे तळवे फरशीवर पूर्ण टेकले. "आस्सं. जमीन हुडकावी लागली की समजायचं, गाडी आपली न्हाई." हे सगळं सुनीतानं मला फोनवर हसत सांगितलं होतं.

मी पोचलो तेव्हा सुनीता गौरीला घेऊन कड्याच्या बाजारात गेली होती. मामा उठले, पाणी आलं, चहा आला. मग त्यांनी कौतुकानं गाडी दाखवली. मी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणालो, "मामा, ही तर वर्षभरात लहान होईल तिला. वाढत्या अंगाची ठेवायची ना."

आपल्याकडं मुलांचं सगळंच वाढत्या अंगाचं घेतात. शाळेचा गणवेश घोट्यापर्यंत, चप्पल दोन बोटं पुढं, स्वेटरच्या बाह्या दुमडलेल्या. मी तसाच वाढलो, गौरीलाही तसंच वाढवत होतो. गाडीचं त्याहून काही वेगळं असतं, हे मला सुचलंसुद्धा नाही. शिवाय खरं सांगायचं तर मला काहीतरी बोलायचंच होतं. त्या घरात मी बोललो की सगळे ऐकत, आणि ते मला आवडायला लागलं होतं.

हनुमंत गाडी तपासायला आलेला होता, तो म्हणाला, "पन सरपंच, पोरीचं पाय..." मामांनी त्याला हातानं थांबवलं. माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. विहिरीसाठी सगळ्या गावाशी भांडलेला माणूस, मला वाटलं, आता फाडकन बोलणार. ते म्हणाले, "पाव्हणं म्हनतेत तसं कर. कापलेला फोम परत घाल, सीट चढीव. शॉकअपबी व्हते तिथं आन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीत चहा पीत होतो. गौरी खालच्या वावरात गाडी फिरवत होती, तिचा आवाज येत होता. मग आवाज टेकाडाकडं सरकला, चढला आणि एकदम बंद पडला. पाठोपाठ किंकाळी आली.

चढावर गाडी बंद पडली होती. तिनं पाय खाली टाकला, तो जमिनीला लागलाच नाही. गाडी तिच्यासकट उताराच्या बाजूला आडवी झाली. नडगी मोडली, पोटरी सायलेन्सरला भाजली. आम्ही पोचलो तेव्हा ती रडायची थांबली होती, आणि तेच जास्त भयंकर होतं.

सुनीता धावत आली. तिनं गाडीकडं पाहिलं आणि तिला लगेच कळलं. "सीट तर खाली घेतलं होतं ना? कुणी चढवलं?"

हनुमंतनं माझ्याकडं पाहिलं. उद्या बोलू, नंतर बोलू असंही मनात आलं नाही, मी फक्त खाली पाहिलं. आणि मामा म्हणाले, "म्या. मला वाटलं, वरसभरात लहान हुईल. वाढत्या अंगाची ठिवावी. चुकलं माझं."

माझंच वाक्य. आयुष्यात त्यांनी एकदाच चूक कबूल केली, आणि ती त्यांची नव्हती.

सुनीताला संशय यायचं कारणच नव्हतं. "जल्मभर तुमचंच खरं केलंत दादा," ती म्हणाली, "आता माझी पोर ऱ्हायली होती तेवढी." हनुमंत तोंड उघडणार होता. मामा त्याच्यावर खेकसले, "बगतो काय बे? जीप काढ!"

गौरीला नगरला नेलं. पाय जुळला, पण प्लास्टर बरेच दिवस होतं. मामा एकदा गेवराईला येऊन तिला पाहून गेले. सुनीतानं चहा ठेवला आणि आत निघून गेली. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो. वाटेत म्हणालो, "मामा, मी आज सांगतो तिला."

ते उभे राहिले. "गप बसा पाव्हणं. बापावरचा राग लेक माहेरात ठिवून येती. नवऱ्यावरचा कुटं ठिवल? तुमाला एका घरात ऱ्हायचंय." मग थोडं हसून म्हणाले, "आन गावात माझ्या नावावर येवढं हाय, त्यात आनखी एक. काय फरक पडतो?"

मी त्यांचं ऐकलं. ते म्हणाले म्हणून ऐकलं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे त्यांनी तसं म्हणावं म्हणूनच मी ते बोललो होतो. स्टँडवरून परत येताना मला हलकं वाटलं. त्या हलकेपणाची लाज आजही जात नाही.

सुनीताचा राग मात्र माहेरात राहिला नाही. ती सणाला जायची, सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची. गौरीला नेत नसे. मामा आजारी पडले तेव्हा ती चार वेळा गेली, पण औषधापलीकडं बोलली नाही. मी गेलो की ते उठायला बघत. शेवटी शेवटी उठता येईना, तर टोपीकडं हात न्यायचे. ते झोपेतच गेले.

दहाव्याच्या दिवशी दुपारी पाहुणे पांगल्यावर सुनीता तिच्या भावाला म्हणाली, "ती गाडी आधी भंगारात दे. दादांचा हट्ट म्हटला की मला तीच दिसते." भाऊ बरं म्हणून बाहेर गेला. तेव्हा मी तिला सांगितलं. सगळं, ती कड्याच्या बाजारात गेली होती तिथपासून.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "मला त्यांचा हात धरायचा होता शेवटी. धरला नाही." मग म्हणाली, "माझं राहू द्या. पोरीला सांगा. माझ्यासमोर सांगा."

गौरीला बोलावलं. ती आता बारा वर्षांची आहे. मी तिला सांगितलं की गाडी मी उंच करायला लावली होती, आजोबांनी नाही, आणि तिचा पाय माझ्यामुळं मोडला.

ती मान हलवू लागली. "नाही पप्पा. मीच. आजोबांनी मला आदल्या रात्री सांगितलं होतं, गाडी उंच झालीय, पाय पोचेपर्यंत खालच्या वावरातच फिरव, टेकाडावर जायचं नाही. मी शब्द दिला होता. आणि गेले. ते कुणालाच बोलले नाहीत."

म्हणजे त्यांनी दोघांना पाठीशी घातलं होतं, आणि आम्हा दोघांना एकमेकांचं ठाऊक नव्हतं. माझी चूक त्यांनी अंगावर घेतली म्हणजे ती संपली, असं मी समजत होतो. तीन वर्षं ती माझ्या पोरीच्या मनात होती.

"मग मम्मी मला इथं आणायची नाही, ते माझ्यामुळं नव्हतं?" तिनं विचारलं. "आजोबा माझ्यावर रागावले नव्हते?"

"नाही," मी म्हणालो.

आजोबा गेल्यापासून ती रडली नव्हती, ती आता रडू लागली. सुनीता उठून तिच्याजवळ गेली. मी होतो तिथंच उभा राहिलो.