ऑटो ऑटोच राहते

"वर्षा, लाईन येऊन अर्धा घंटा झाला अन् तुमचे डबे मुके आहेत."

फोनवर शोभाताई होत्या. नरखेड तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीच्या अध्यक्ष. मी नागपूरला, रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात होते आणि समोरची स्क्रीन लाल झाली होती.

"ताई, चेक करते."

"चेक काय करते? मोटर चालू कर."

आमचं काम असं. शेतातल्या मोटरच्या स्टार्टरवर आम्ही एक छोटा डबा बसवतो. त्यात सिमकार्ड असतं. शेतीची लाईन, म्हणजे थ्री-फेज वीज, दिवसातले काही तासच मिळते. लाईन आली की डबा आमच्या सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर एकेकाची मोटर आळीपाळीनं सुरू करतो. आळीपाळीनं कशाला, तर त्यालाही कारण आहे. गावोगावी स्टार्टरला 'ऑटो' नावाचा एक स्विच जोडायची पद्धत आहे. लाईन आली की मोटर आपोआप सुरू, शेतकरी घरी निवांत. पण सगळ्यांच्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपीला, म्हणजे तिथल्या ट्रान्सफॉर्मरला, तो धक्का सोसत नाही. डीपी जळतो. दुसरा येईपर्यंत अख्ख्या शिवाराचं पाणी बंद.

माझं माहेर काटोलकडचं. डीपी जळल्यावर शिवारात पसरणारी शांतता मी लहानपणापासून ओळखते.

शोभाताईंनी घरोघरी फिरून लोकांना ऑटो काढायला लावले होते आणि त्या जागी आमचे डबे बसवले होते. महिना मे. अंबिया बहाराची संत्री बोराएवढी झाली होती. या दिवसांत पाण्याला खंड पडला की फळ गळतं आणि वर्ष हातचं जातं.

त्या आठवड्यात शेजारच्या गावांतही डबे लागले होते. लाईन आली, सगळे डबे एकदम बोलायला लागले आणि आमचे सर्व्हर गुदमरले. वाट पाहून कंटाळलेले लोक मोटरसायकली काढून शेतात गेले आणि हातानंच स्टार्टर दाबू लागले.

"लोक म्हणून राहिले, याच्यापरीस आपला ऑटो बरा होता," ताई म्हणाल्या. "अजून एकदा असं झालं तं डबे निघतीन. मंग डीपी गेला तं मले नको सांगजो."

आमचे मालक ढोबळे सर. त्यांनी ऐकून घेतलं आणि एका वाक्यात निकाल दिला. "ऑटो-स्केलिंग लाव."

ऑटो-स्केलिंग म्हणजे फार काही अवघड नाही. क्लाउडवर सर्व्हर भाड्यानं मिळतात. पंगतीत माणसं वाढली की यजमान आणखी वाढपी उभे करतो, पंगत उठली की त्यांना मोकळं करतो. हेच काम आपोआप व्हावं, अशी सोय. लोड किती वाढला की नवीन सर्व्हर सुरू करायचा आणि जास्तीत जास्त किती करायचे, एवढं सांगून ठेवायचं. मी दुपारपर्यंत ते लावलं. वरची मर्यादा बेताची ठेवली.

सरांनी ती पाहिली. "इतकेच? लग्नात पोळ्या कमी पडल्या तं जन्मभर ऐकावं लागते. वाढव."

"सर, वाढपी कितीही वाढवा, भाजीचं पातेलं एकच आहे. सगळ्या नोंदी ठेवणारा डेटाबेस एकच आहे."

"डेटाबेसले काय होते? लोड तर सर्व्हरवर आहे." असं म्हणून त्यांनी स्वतःच आकडा वाढवला. कंपनी त्यांची. मी डबा उघडून जेवायला बसले.

जेवता जेवता ताईंना फोन केला. "काळजी करू नका ताई, आम्ही ऑटो लावलंय."

ताईंनी मला तिथंच तोडलं.

"काय लावलं?"

"ऑटो-स्केलिंग."

"पोरी, मी घरोघरी जाऊन लोकायचे ऑटो उपटले. अन् तुम्ही तिथी नागपुरात बसून ऑटो लावून राहिले?"

"ताई, तो ऑटो वेगळा, हा वेगळा."

"ऑटो ऑटोच राहते वं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी हा किस्सा ऑफिसात सांगितला. सगळे पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी लाईन आली. डबे बोलू लागले, लोड चढला, नवीन सर्व्हर भराभर सुरू झाले. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. "पाह्य," ते म्हणाले. मी पाहतच होते. जो नवीन सर्व्हर जागा होई, तो आधी डेटाबेसकडे धावे आणि आपल्यासाठी मूठभर कनेक्शन मागे. सगळे एकदम जागे झाले होते, त्यामुळे सगळे एकदमच मागत होते. इकडे उत्तर न मिळालेले डबे तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत होते. डेटाबेसनं थोडा वेळ तग धरला आणि मान टाकली. तो पडल्यावर उरलेल्या सर्व्हरांना करायला काही कामच राहिलं नाही.

लाईन आली, सगळे एकाच क्षणी उठले आणि ज्या एकाच्या जिवावर सगळं चालतं तोच जळाला. हे मी आधी पाहिलं होतं. क्लाउडवर नाही, काटोलला. मला सरांचा राग आला आणि ताईंची आठवण झाली, या क्रमानं.

गावात लोकांनी पुन्हा हातानंच स्टार्टर दाबले होते. सुदैवानं डीपीचा फ्यूजच उडाला. लाईनमननं येऊन तो बांधून दिला.

"आज फ्यूजवर भागलं," ताई फोनवर म्हणाल्या. आवाज थकलेला होता. "लोक तं आजच ऑटो लावत होते. मी एक दिवस मागून घेतला, माह्या शब्दावर. उद्या नाई झालं तं गावात माह्यं कोणी ऐकणार नाई."

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, आकडा मी ठरवणार. उद्या मी गावात असेन. तुम्ही इथे स्क्रीन पाहा, हात लावू नका."

"अन् फेल झालं तं?"

"तर बोलणी मी खाईन."

हे त्यांना लगेच पटलं.

मग मी डीपी वाचवायला निघाल्यासारखीच कामाला लागले. डेटाबेसला जेवढं पेलतं तेवढ्याच सर्व्हरांची मर्यादा ठेवली. नवीन सर्व्हर एका वेळी एकच सुरू होईल असं केलं. लाईनच्या वेळेआधी काही सर्व्हर तयार राहतील अशी सोय केली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, प्रत्येक डब्याला नंबर दिला. लाईन आली तरी आपला नंबर येईपर्यंत त्यानं तोंड उघडायचं नाही. उत्तर नाही मिळालं, तर पुन्हा विचारण्याआधीही थांबायचं. हा नियम सगळ्या डब्यांना इथूनच पाठवता आला.

सकाळी नंदनवन कॉलनीतल्या घरून निघाले आणि एसटीनं नरखेडला गेले. स्टँडवर ताई स्कूटर घेऊन उभ्या होत्या. आम्ही थेट शिवारात, डीपीपाशी गेलो. दहा-बारा शेतकरी आधीच जमले होते. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं.

लाईनचं वेळापत्रक असतं आणि लाईनही असते. दोघांची गाठ पडेलच असं नाही. त्या दिवशी लाईन वेळेच्या बरीच आधी आली. मी वेळेवर तयार राहायला सांगितलेले सर्व्हर अजून सुरूही झाले नव्हते.

डीपी गुणगुणू लागला. एकही मोटर सुरू झाली नाही. मी मोबाईलवर पाहिलं, सर्व्हर एकेक करून जागे होत होते.

एकानं मोटरसायकलला किक मारली. "चला गा, हातानंच लावू."

ताई मोटरसायकलसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "थांब गा. पोरगी नागपूरहून आली."

"मंग चालू काहून नाई होत?"

"नंबर लावलाय, काका," मी म्हणाले. "सगळे एकदम नाही. एकामागं एक."

तेवढ्यात ओढ्यापलीकडे एक मोटर लागली. मग अलीकडची. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग तिसरी. किक मारलेल्या काकांची मोटर बऱ्याच उशिरा लागली. पण पाटात पाणी आलं तसं त्यांनी गाडी बंद केली. सरांचा फोन आला. "स्क्रीन हिरवी आहे. मी काहीच नाही केलं." मी म्हटलं, "म्हणूनच हिरवी आहे."

परतताना ताईंनी विचारलं, "मंग ऑटो काढला ना तू?"

"नाही ताई, ऑटोच आहे. फक्त नंबर लावलाय त्याला."

"मंग नंबर लावला म्हन ना वं. ऑटो म्हनलं की मले डीपीच दिसते."

आता मलाही तोच दिसतो. नवीन गिऱ्हाईक आलं की ढोबळे सर अजूनही ऐटीत सांगतात, आमच्याकडे ऑटो-स्केलिंग आहे. त्यांचं सांगून झालं की मी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारते: तुमचा डीपी कोणता?