अर्ध्यात टाकलेली गोष्ट

मी चौथी झालो, तीही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून. तरी आमच्या विचुंबे गावात मला कोणी अडाणी म्हटलेलं मी आजवर खपवून घेतलेलं नाही. मुलगा-सून नोकरीवर, म्हणून नातवाच्या शाळेत पालकसभेला मी गेलो, तो हा ताठा घेऊनच.

बाई म्हणाल्या, "आजोबा, वर्गातल्या मुली पान भरून लिहितात. मुलगे मात्र दोन ओळींत निबंध संपवतात. तुमच्या नातवाची तर एकच ओळ असते."

नातू मान खाली घालून उभा. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बाई, पोटात गोष्टच नाय, तर कागदावर काय येनार? मला सांगू द्या एक. हा पोरगा पान भरून लिवंल, माझा शब्द हाय."

सगळे पालक ऐकत होते. शब्द मागे घ्यायची सोय राहिली नाही. बाईंनी लगेच शुक्रवार दिला.

शुक्रवारी इस्त्रीची टोपी घालून गेलो आणि तरुणपणची गोष्ट काढली. माझी सासरवाडी गव्हाण गावची. सासऱ्याला भेट म्हणून काखेत जिवंत कोंबडा घेऊन मी खाडीकाठच्या खाजणातून एकटा चाललोय. दिवस बुडालेला, भरती चढतेय, आणि वाट हरवली. फिरून फिरून त्याच चिखलात. चकवा लागला म्हणतात आमच्याकडे.

आता, आमच्यात गोष्ट ऐकणाऱ्याने 'हूं' द्यायचा असतो. हूं आला की सांगणारा पुढे सरकतो. नाही आला, तर मंडळींना झोप लागली समजून गप्प बसायचं. इथे एकही हूं नाही. पोरं हाताची घडी घालून खांबासारखी. मी आवाज चढवला, कोंबड्यासारखे हात फडफडवले. तरी नाही. शेवटी "तेवढ्यात चिखलापल्याड एक उजेड हलला" इथवर आलो, टोपी नीट केली आणि चालू लागलो.

बाई मागे धावल्या. "आजोबा, पुढे काय?"

"तुमच्या पोरांना नको हाय, तर मी कशाला सांगू?" म्हटलं आणि रिक्षात बसलो.

नंतर कळलं, पाहुण्यांसमोर आवाज काढायचा नाही, अशी तंबी बाईंनीच दिली होती. मी निघालो आणि वर्गात बाजार भरला. उजेड कोणाचा? एक म्हणे भुताचा, एक म्हणे स्मगलरचा. एक म्हणाला मोबाईलची टॉर्च, त्याला बाकीच्यांनी धपाटे घातले. बाईंनी सांगितलं, आधी शेजाऱ्याला शेवट तोंडी सांगा, त्याला पटला की मग लिहा.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा बोलावणं. नातवाने पान पाठपोट भरलं होतं, आणि ते त्याने उभं राहून वाचलं. उजेड बघून गोष्टीतला माणूस मटकन चिखलात बसतो. कोंबडा काखेतून सुटून बांधावर चढतो आणि ओरडतो, "इकडून ये, येड्या!" मग पुढे कोंबडा, मागे माणूस, थेट सासऱ्याच्या दारात.

पोरं हसून लोळली. मी एवढा ताठ्याचा माणूस, आणि भर वर्गात एका कोंबड्याने मला येडा म्हटलं.

"आजोबा, अर्ध्यात सोडायची युक्ती छान होती हं तुमची," बाई म्हणाल्या.

"आमची पद्धतच हाय ती," मी म्हटलं. रुसून गेलो होतो, हे कशाला सांगू?

मागच्या बाकावरून आवाज आला, "पन आजोबा, खरं काय झालतं?"

नातू अजून उभाच होता, माझ्या तोंडाकडे बघत.

"त्यानं लिवलंय तेच," मी म्हटलं.

घरी त्याने तेच पान आजीला वाचून दाखवलं. ती गव्हाणची. ऐकता ऐकता म्हणाली, "अरं, कसला कोंबडा? माझा बाबा कंदील घेऊन गेलता, आन् ह्यांना खांद्यावर टाकून..."

"तू गप," मी म्हटलं. "तू व्हतीस का तिथं? कोंबडाच व्हता."