डावीकडे लिंबू
उन्हाळ्यात सनस्क्रीनची बाटली उघडली की खोबऱ्याचा गोडसर वास येतो आणि मला कॅरिबियन बेटावरचं ते रिसॉर्ट आठवतं. आई-बाबा तेव्हा पुण्याहून अमेरिकेत पार्सिपनीला आमच्याकडे आले होते आणि आम्ही हौसेने त्यांना तिकडे नेलं होतं. गावापासून खूप लांब, समोर नुसता हिरवानिळा समुद्र, आणि खाणंपिणं सगळं पॅकेजमध्येच. तरी आई बुफेच्या रांगेत उभी राहून आधी बाबांचं ताट वाढून आणायची आणि बाबा घरच्यासारखे बसून राहायचे. दुसऱ्या दिवशी पाण्यात चालताना आईचा तळपाय शिंपल्याने कापला. दुपारी ती छत्रीखाली पाय वर करून बसली होती. तिचं जेवण आणायला मी उठणार तोच बाबा म्हणाले, "तू बस, मी आणतो." बऱ्याच वेळाने ते दोन्ही हातांनी प्लेट सांभाळत वाळूतून आले. मधोमध भात, उजवीकडे भाजीच्या जागी काळे बीन्स, डावीकडे कोशिंबीर म्हणून काकडी, शेजारी लिंबाची फोड आणि वरच्या कडेला चिमूटभर मीठ. जन्मात कधी न वाढलेलं ताट त्यांना तोंडपाठ होतं. माझ्या मुलीने विचारलं, "आजोबा, व्हेअर इज युवर्स?" "आधी तिला जेवू दे," ते म्हणाले. आईने ते ताट मांडीवर घेतलं. मग "भात गार झालाय" म्हणाली आणि शीतही न टाकता जेवली. त्या रिसॉर्टचं नाव मला आता आठवत नाही, पण त्या शिंपल्याचे मी अजून आभार मानते.