विधानसौधासमोरचे आठ फोटो

माणूस कॅमेऱ्याकडे पाहत नसतो तेव्हाच तो खरा असतो. हे तत्त्व मला तेविसाव्या वर्षी सापडलं. तेव्हा माझ्याकडे एक जुना बॉक्स कॅमेरा होता आणि अनुभव दोन रोलांचा.

विधानसौध नुकतंच बांधून झालं होतं. रविवारी लोक नवे कपडे घालून त्याच्यासमोर ताठ उभे राहत आणि फोटो काढून घेत. चेहरे असे, की सगळा दगड त्यांनीच वाहून आणला असावा. मला त्याची चीड यायची. मी टिपायचो ते हिरवळीवर डबा उघडून बसलेलं कुटुंब, पायरीवर बूट काढून तळवा चोळणारा कारकून, सावलीत झोपलेला माळी. मागे एवढी इमारत आणि पुढे माणसाची जांभई, यात मला फार मोठा अर्थ दिसे.

दादा, माझा थोरला भाऊ, एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. चामराजपेटेत मी त्याच्याकडेच राहायचो. एका रविवारी तो, वहिनी आणि त्यांची दीड वर्षाची मुलगी माझ्याबरोबर आले. दादा घुमटाच्या बरोबर समोर, मध्यावर उभा राहिला, हात मांड्यांना चिकटवून.

"काढ."

"समोरून पोस्टकार्डं निघतात, दादा."

"मग माझं पोस्टकार्ड कर. आईला पाठवायचंय."

"काढा की एक, भाऊजी," वहिनी म्हणाली. "शर्टाला एवढी इस्त्री केलीय मी."

मी खटका न दाबताच "झालं" म्हणालो. तो सैल पडल्यावर त्याचे आठ फोटो काढले. रोल संपला.

फोटो धुऊन आले तेव्हा दादाने ते एकेक करून पाहिले. "कान छान आलाय," म्हणाला.

दोन महिन्यांनी तो टायफॉइडने गेला.

तेराव्यानंतर वहिनीने ट्रंक उपसली. लग्नाचा एकच फोटो निघाला, त्यात मुंडावळ्यांच्या आडून त्याची नुसती हनुवटी दिसत होती. मग तिने माझे आठ फोटो जमिनीवर ओळीने मांडले. पाठ. कान. बुटाची नाडी बांधताना वाकलेली मान. एकात तो समोरून होता, पण डोळे मिटलेले आणि तोंडात शेंगदाणे.

"ही मोठी झाल्यावर विचारेल, बाबा कसे दिसायचे," वहिनी म्हणाली. "काय दाखवू हिला, भाऊजी? मान?"

शेंगदाण्यांचा फोटो घेऊन मी बाजारातल्या एका स्टुडिओत गेलो. मालक मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच.

"डोकं आहे न्हवं? सरी, मग झालं. धडं माझ्याकडं पुष्कळ आहेत, अण्णा."

"आणि डोळे?"

"उघडतो की. तोंड स्वल्प मिटवतो."

आठवड्याने दादा तयार झाला. कोट, टाय, नजर थेट समोर. आयुष्यात त्याने कधी टाय बांधला नव्हता. वहिनीने तो बराच वेळ पाहिला, भिंतीवर लावला आणि मुलीला उचलून घेतलं.

"हे बाबा."

मुलीने हात जोडले. देवापुढे जोडायला आम्हीच शिकवलं होतं.

तो कोट कोणाचा, हे मी स्टुडिओतून फोटो आणताना विचारलं होतं. एका हयात गृहस्थांचा होता. ते आपली कॉपी न्यायला आले नव्हते.