बसून खाणाऱ्यांचा आजार

"शुगर? आणि तुला? रोज श्रीखंड खातेस काय?"

डॉक्टर हसले. दाराबाहेर बाकावर बसलेली माणसंही हसली. मी साठीला आलेली बाई. डॉक्टर माझ्या थोरल्याच्या वयाचे.

गंगापूर रोडच्या बंगल्यांत मी वीस वर्षं भांडी घासली. त्यातल्या एका बाईंना शुगर होती. सारखी तहान, सारखं लघवीला जाणं, पायाला मुंग्या. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. तेच मला व्हायला लागलं, म्हणून सांगायला गेले. त्या बाईही याच डॉक्टरांच्या पेशंट. दवाखान्यात त्यांच्या नावाचं कार्ड होतं. दर महिन्याला रक्त तपासायचे, पाय बघायचे. मला म्हणाले, हा बसून खाणाऱ्यांचा आजार, कष्टाच्या अंगाला होत नाही. ताकदीचं इंजेक्शन दिलं. वर्षभर तेच. मीही मान खाली घालून टोचून घेतलं. ते शिकलेले, आपण कोण?

मग चपलेनं अंगठा सोलला. भरेना. काळा पडला. लेक नाशिक रोडला राहते, तिनं मला लॅबमध्ये नेलं. रिपोर्ट हातात देताना लॅबवाला म्हणाला, मावशी, आजच्या आज डॉक्टर गाठा.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. चुकलं म्हणाले नाहीत. हे आता जन्माचं दुखणं, तुला पथ्य झेपायचं नाही, सरकारी दवाखान्यात जा, म्हणाले. पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी उठले नाही. रिपोर्ट परत त्यांच्यापुढं सरकवला. आणि बोलले.

"वरीसभर सुया टोचल्या, येकदा रगत नाय तपासलं. आता माझं कार्ड करा. नाव लिवा. त्याबिगर मी हालनार नाय."

या वेळी बाकावरचं कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी कोरं कार्ड काढलं. नाव विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा.

अंगठा गेलाच. सरकारी दवाखान्यात कापला. मी डॉक्टरांना माफ केलेलं नाही. लेक म्हणते, दुसरा डॉक्टर बघ. का म्हणून? मी तिथंच जाते, दर महिन्याला. एकटी जात नाही. वस्तीतली दम्याची म्हातारी नेते, बीपीचा म्हातारा नेते. आधी तपासा, मग लिहा, असं तोंडावर सांगते. डॉक्टर चिडतात. चिडू देत. न तपासता दिलेली गोळी आमच्या वस्तीत आता कुणी गिळणार नाही.