गाडी चालू हाय

मामा कोणाच्याही घरी आले तरी ओट्यावर चढत नसत. फाटकाबाहेर गाडी धडधडत उभी आणि मामा खिडकीतून मान बाहेर काढून ओरडत, "गाडी चालू हाय, पटकन या!" चहासुद्धा त्यांना गाडीतच नेऊन द्यावा लागे. रिकामा कप परत करताना म्हणत, "बंद केली तर परत कधी उठेल, देवाला ठाऊक."

वसईजवळच्या आमच्या राजोडी गावात सगळेच त्यांना मामा म्हणत. ते नक्की कोणाचे मामा, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. केळीची वाडी, एक विहीर आणि मुंबईच्या कोण्या डॉक्टरची वापरून झालेली काळी गाडी, एवढा त्यांचा संसार. मामी केव्हाच वारल्या होत्या.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तेव्हा गावात दुसरी गाडी नव्हती, त्यामुळे तिचे नखरे आम्हा सगळ्यांना पाठ. चावी फिरवली की नुसतं "टक्". पुन्हा फिरवली, पुन्हा "टक्". आम्ही हताश व्हायचो आणि मामा खूश. "टक् बोलली ना? म्हंजे जीव हाय!"

मग उपचार सुरू. आधी दिवे लावून बघायचे. दिवे मंद असले तर जवळच्या घरातून हाक जाई, "बाय, जरा गरम पानी दे गं." बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी भुकटी त्या पाण्यानं धुवायची. गावच्या बायका मामांची गाडी दिसली की आधीच चुलीवर आधण ठेवत. तेवढ्यानं भागलं नाही तर स्टार्टरला हातोडीनं हलकेच टोले, एखाद्या हट्टी पोराला थोपटावं तसे. आणि अगदीच नाइलाज झाला तर गिअर काढून, चाकाखाली दगड ठेवून, बॉनेटमध्ये वाकून स्टार्टरची दोन टोकं पान्यानं जोडायची. चर्रकन ठिणगी उडायची आणि गाडी खोकत उठायची.

गाडीचा हँडब्रेक कधीच गेलेला. तरी सकाळी ती उतारावर सुरू व्हावी म्हणून मामांनी विहिरीतून निघालेल्या मातीचा वाडीत एक उंचवटा केला होता. रोज संध्याकाळी गाडी त्यावर, तोंड उताराकडे. घसरू नये म्हणून ती गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली दगड. सकाळी दगड काढून क्लच दाबला की गाडी उतारावर घरंगळत आपसूक सुरू. मला गाडी शिकवली ती त्यांनीच, त्याच उंचवट्यावर. पहिला धडा होता, "उतरायच्या आधी गिअर टाक. ही पोरगी आपल्या पाठीमागं पळून जाते."

ही गाडी त्यांनी घेतली ती नवऱ्यांसाठी, म्हणजे लग्नाच्या मुलींसाठी. मामी लग्नात बैलगाडीतून देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आल्या आणि वाटेत त्यांचा झगा चिखलानं भरला होता. ते त्यांनी जन्मभर मामांना ऐकवलं. त्या गेल्यावर मामांनी गाडी आणली, आणि मग गावातली प्रत्येक नवरी मामांच्या गाडीतून देवळात जाऊ लागली. पैशाचं नाव काढलं तर रागवत. नियम मात्र एक होता: नवरी बसल्यावर गाडीला धक्का मारायचा नाही. "धक्का मारून पोरगी धाडायची? अवलक्षण हाय ते!"

आमच्या शेजारच्या रोझीचं लग्न होतं. दुपारचं ऊन, दारात मांडव, देवळाची घंटा वाजलेली. मी ओट्यावर तिच्या आईजवळ उभा होतो. रोझी पांढऱ्या झग्यात मागच्या सीटवर बसली. मामांनी कोट चढवला होता, कोटाला फूल. कोणीतरी चाकाखालचा दगड काढला. मामांनी चावी फिरवली.

टक्.

लोक हसले. आम्हाला ते नेहमीचंच होतं. दिवे लागले ते झगझगीत. हातोडीचे टोले झाले. टक्. देवळाची घंटा दुसऱ्यांदा वाजली तशी रोझीचे भाऊ बाह्या सरसावून मागे गेले. मामा कडाडले, "हात नाय लावायचा! नवरी बसलीय आत!"

ते पाना घेऊन समोर गेले आणि बॉनेटमध्ये वाकले. गाडी मात्र गिअरमध्ये होती. उतरण्याआधी गिअर टाकायचा, हे त्यांच्या हाताला इतकं मुरलेलं होतं की हातानं ते त्यांना न विचारताच केलं होतं.

ठिणगी उडाली. गाडी उठली आणि पुढे गेली.

मी अजूनही हे वाक्य याहून मोठं करू शकत नाही. मामा समोर होते, आणि मग नव्हते. गाडी चालत्या माणसाच्या गतीनं मांडवाबाहेर निघाली होती. ओट्यावरून उडी मारून मी धावलो, उघड्या दारातून आत वाकलो आणि गिअर ओढून काढला. गाडी थांबली. इंजिन सुरूच होतं, इतकं छान की तसं ते कधी चाललं नव्हतं.

मामा वाळूत पडले होते. कोटाचं फूल जागच्या जागी होतं. आम्हाला काय झालंय तेच कळत नव्हतं.

रोझी खाली उतरेना. "मी नाय उतरत. त्यांना आत घ्या!" तिनं मामांचं डोकं मांडीवर घेतलं. तिचे भाऊ माझ्या शेजारी शिरले आणि मी वसईच्या दवाखान्याकडे गाडी सोडली. मागून ती सारखी म्हणत होती, "जीव हाय, जीव हाय, चल तू." वाटेत मामांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून कसेबसे शब्द काढले, "बंद... नको करू."

मी गाडी बंद केली नाही. दवाखान्याच्या आवारात ती धडधडत उभी राहिली आणि आम्ही बाकावर बसलो. खिडकीतून तो आवाज आत येत होता. तो चालू आहे तोवर आत सगळं ठीक आहे, असं मला वाटत होतं. मला ते अगदी खरं वाटत होतं.

डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली. रोझीचे भाऊ भिंतीला टेकून रडू लागले. मला रडूही येईना. बाहेर इंजिन चालूच होतं आणि ते बंद करायला माझे पाय उठत नव्हते.

शेवटी रोझी उठली. तिचा झगा रक्तानं आणि वाळूनं भरला होता. ती गाडीपाशी गेली, खिडकीवर थोडा वेळ हात ठेवून उभी राहिली, आणि मग आत वाकून तिनं चावी फिरवली.