मधेच थांबवलेला धवला

आमच्या प्रणितला एखादी वस्तू घ्यायची झाली की आजूबाजूच्यांना घोर लागतो. रोह्याच्या बाजारात तो चप्पल बघायला शिरला तर शेवटी दुकानदारच दमून स्वतःसाठी चहा मागवतो. असा माणूस माइक घ्यायला निघाल्यावर काय झालं असेल, विचारू नका. रोह्याजवळ वरसेला आम्ही एकाच इमारतीत राहतो, एकाच कंपनीत कामाला जातो, त्यामुळे बसमध्ये खिडकीशी तो आणि त्याच्या शेजारी मी. माझे कान किटले.

तो गातो बरा आणि गिटार त्याहून बरी वाजवतो. दोन्ही घरीच रेकॉर्ड करायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं. मला त्यातलं एवढंच कळलं की माइक दोन जातीचे. एक डायनॅमिक, म्हणजे स्टेजवर गायक तोंडाशी धरतात तो. त्याला जवळचं तेवढं ऐकू येतं. दुसरा कंडेन्सर. तो भारी नाजूक, त्याला वेगळी वीज पुरवावी लागते, आणि तारेवरून बोट घसरल्याचा आवाजसुद्धा तो टिपतो. पेणला रामवाडीतल्या दुकानात उर्वी नावाची मुलगी होती, तिनं बजावलं, "दादा, तुमची खोली शांत नसेल तर हा घेऊ नका. गाण्याबरोबर शेजारचं भांडणही येईल." पण प्रणितला बोटाची ती घसरण हवीच होती. घेतला कंडेन्सर.

वरसेला वरच्यांचा मिक्सर, खालचा पाण्याचा पंप आणि समोरची कुत्री, सगळी रेकॉर्डिंगमध्ये एका सुरात आली. मग स्वारी माइक घेऊन गावी गेली.

त्याचं गाव पेणच्या खाडीकडचं. घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात काम केलेलं. घरात आई जनी, धाकटी बहीण नम्रता, आणि मोठी आत्या गिरजाबाई. ही गिरजाबाई म्हणजे धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून जी बाई गाऊन सारे विधी पार पाडते, ती धवलारीण, आणि तिचं ते गाणं म्हणजे धवला. पंचक्रोशीत गिरजाबाई आल्याशिवाय हळद लागत नसे. तिची जोडीदारीण पुतळी वारल्यापासून घराण्याचा तो लांबलचक धवला तिच्या एकटीच्याच गळ्यात उरला होता. बाकीच्या बाया ओळीचा शेवट तेवढा उचलून धरायच्या.

नम्रताचं लग्न तोंडावर आलं होतं. प्रणितच्या मनानं घेतलं की आत्याचा धवला रेकॉर्ड करायचा, मागे आपली गिटार जोडायची आणि बहिणीला भेट द्यायची. बेत चांगला होता. वाईट काही नव्हतं त्याच्या मनात, हे मी आधीच सांगून ठेवतो.

भर मे महिना. पंख्याची घरघर येते म्हणून पंखा बंद. रस्त्याचा आवाज येतो म्हणून खिडक्या बंद, त्यांवर गोधड्या टांगलेल्या. त्या भट्टीत म्हातारी माइकसमोर बसली. धवल्यात आधी देवांना आवतण जातं, एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलवायचं, मग पुढे नवरीला घराबाहेर आणायचं. गिरजाबाई अर्ध्या देवांपर्यंत पोचली आणि शेजारी कुकरची शिट्टी झाली. प्रणितनं हात वर केला.

"थांब आत्या. परत घेऊ."

"मधीच थांबवतोस व्हय रं?" ती म्हणाली. "बोलावलेलं देव दारात उभं राहतान. आता पयल्यापासून म्हनाया लागल."

तिचा तो नेमच होता. तुटलेला धवला ती तुटल्या जागेवरून कधी जोडत नसे, पुन्हा पहिल्या देवापासून सुरू करायची. प्रणितला हे ठाऊक होतं. लहानपणापासून बघत आला होता. तरी कोंबडा आरवला, थांब. टेम्पो गेला, थांब. खुद्द आईच्या हातून तांब्या पडला तेव्हा तर तो आईवरच खेकसला. बिघडलेलं रेकॉर्डिंग लगेच पुसून टाकायचा, जागा अडते म्हणून. आत्या घाम पुसायची, घोटभर पाणी प्यायची आणि पुन्हा पहिल्या देवाला हाक मारायची. भाच्याला नाही म्हणायचं तिला जमलं नाही. शेवटी तिचा आवाज चिरकला, तेव्हा हा म्हणतो, उद्या करू.

दुसऱ्या दिवशी तिच्या गळ्यातून नुसती हवा आली.

पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, घसा सुजलाय, बोलू नका. या वयात आवाज परत येईल, नाही येईल, आत्ताच काही सांगता येत नाही. प्रणित कामावर आला तो तोंड पाडून. "मी घालवला रे," एवढंच बोलला.

हळदीला मी गेलो होतो. मांडव भरलेला, नवरी आतल्या खोलीत तयार बसलेली, आणि धवलारीण मुकी. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. जनीला पुसापुशीचं ठाऊक नव्हतं, ती बोलून गेली, "आमच्या प्रणितनं भरून घेतलाय ना धवला! लाव रं."

प्रणितला ब्रह्मांड आठवलं. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "नाय हाय. एक पन पुरा नाय."

आतून नम्रताचा आवाज आला, "दादा, मंग मी अशीच बसू काय?" रडवेला होता तो आवाज.

प्रणित उभा राहिला आणि गायला लागला. बाप्या माणसानं धवला म्हणायचा, म्हणून एकदोघी पदराआड हसल्या, मग गप्प झाल्या. देवांची नावं त्याला तोंडपाठ होती, इतक्या वेळा ऐकलेली. सगळे देव त्यानं मांडवात आणले. आणि तिथंच अडला. नवरीला बाहेर कसं आणायचं, ते लग्नांत कानावरून गेलेलं आठवेना, आणि माइकसमोर त्यानं आत्याला तिथवर पोचूच दिलं नव्हतं.

गिरजाबाई उठली, त्याची मान धरून खाली ओढली आणि त्याच्या कानाशी ओठ नेले. ती कुजबुजायची, तो गायचा. ओळीमागून ओळ. दर ओळीला तिला धाप लागत होती, जवळ बसलेल्या मला ती ऐकू येत होती. नम्रता बाहेर आली, हळद लागली.

नंतर जो तो प्रणितची पाठ थोपटत होता. गिरजाबाईनं भाचा तयार केला, घराणं राखलं! तो मला ओढत मांडवामागे घेऊन गेला. "मला नाय सोसवत. सगल्यांना सांगतो, तिचा घसा मी घालवलाय."

"सांग," मी म्हणालो. माझ्या मते तेच बरोबर होतं.

आत्या मागोमाग आली होती. डॉक्टरांनी बोलू नको म्हटलेलं असताना ती कष्टानं बोलली, "सांगू नको. लोकां तुला बोलावनार नाय. मंग ह्यो धवला कोन म्हनल?"

तेवढ्यात शेजारच्या गावचा महिपती बोलावण्याची सुपारी घेऊन आला. त्याच्या मुलीची हळद ठरली होती, धवला प्रणितनंच म्हणावा अशी त्याची इच्छा. प्रणितनं आत्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं सुपारी घेतली आणि खाली बघत उभा राहिला. म्हातारी समाधानानं हसत होती, आणि तेवढंच त्याला बघवत नव्हतं.